अपडेट कोणाकडून घ्यायचं? संगणकाच्या भांडारांची तीस वर्षांची गोष्ट

 

या सदरात आपण बहुतेक वेळा दोन-तीनशे वर्षं मागे जातो. आजचा इतिहास जेमतेम तीस वर्षांचा आहे, पण तो तुमच्या घरात रोज घडतो. परदेशातल्या मराठी घरांत संगणकाच्या कामात असलेला एखादा तरी माणूस सापडतोच. रात्रीचं जेवण चालू असताना त्याचा फोन वाजतो, तो लॅपटॉप उघडतो आणि "अपडेटनंतर पॅकेजेस भांडतायत" एवढंच सांगून ताटावरून उठतो. आजींना प्रश्न पडतो, पॅकेजेस भांडतात म्हणजे काय? आणि भांडतात तर सोडवतं कोण? आज त्याच भांडणाची गोष्ट ऐकू या. तुम्ही संगणकाच्या क्षेत्रातले नसलात तरी शेवटपर्यंत थांबा, कारण ही गोष्ट तुमच्या आईवडिलांच्या फोनपर्यंत जाते.

सुरुवात १९९१ पासून. त्या वर्षी फिनलंडमधल्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने लिनक्सचा गाभा जगाला खुला केला. गाभा म्हणजे नुसतं इंजिन. गाडी चालवायची तर चाकं, सीट, दिवे सगळं लागतं. लिनक्सचं तसंच होतं. लिहायचा प्रोग्रॅम एकाचा, छपाईचा दुसऱ्याचा, चित्र दाखवायचा तिसऱ्याचा. हे सगळं गोळा करून, एकमेकांशी जुळवून लोकांच्या हाती देणारे गट तयार झाले. पॅट्रिक व्होल्करडिंग यांचं स्लॅकवेअर आणि इयन मर्डॉक यांचं डेबियन, दोन्ही १९९३ सालची. मर्डॉक यांनी आपली मैत्रीण डेब्रा हिचं नाव आणि आपलं नाव जोडून 'डेबियन' केलं.

डेबियनच्या मंडळींनी एक साधी पण मोठी गोष्ट केली. प्रत्येक प्रोग्रॅम एका डब्यात बंद करायचा आणि डब्यावर चिठ्ठी लावायची: नाव काय, आवृत्ती कितवी, आणि हा चालायला दुसरे कोणते डबे आधी लागतील. या डब्याला म्हणतात पॅकेज. डबे उघडून जागच्या जागी लावणारं डेबियनचं अवजार म्हणजे डीपीकेजी. रेड हॅट या अमेरिकन कंपनीने १९९५ मध्ये तेच काम करणारं आरपीएम आणलं.

आता अडचण पाहा. तुम्हाला एक गाणी वाजवणारा प्रोग्रॅम हवा आहे. त्याचा डबा आणला, तर चिठ्ठी म्हणते, आधी आवाजाची लायब्ररी आणा. ती आणली, तर ती म्हणते, माझ्याआधी तिसरं काहीतरी आणा. तिसरं आणलं, तर ते म्हणतं, मला पहिल्याची जुनी आवृत्ती चालत नाही. अख्खी रात्र डबे शोधण्यात जायची. इंग्रजी बोलणाऱ्या तंत्रज्ञांनी या अवस्थेला 'डिपेंडन्सी हेल' म्हटलं, म्हणजे अवलंबून राहण्याचा नरक. तेव्हाचे लोक हा शब्द आजही तोंड वाकडं करूनच उच्चारतात.

यावरचा उपाय म्हणजे भांडार. इंग्रजीत त्याला रिपॉझिटरी म्हणतात. सगळे डबे एका ठिकाणी ठेवायचे, त्यांची एक यादी करायची, आणि ती यादी वाचून लागणारे सगळे डबे आपोआप आणणारा एक नोकर ठेवायचा. डेबियनचा हा नोकर म्हणजे एपीटी, बोलताना 'ऍप्ट'. १९९८ साली तो आला आणि मार्च १९९९ मधल्या डेबियन २.१ मधून सर्वांच्या हाती पोचला. आरपीएमच्या बाजूला हे काम 'यम'ने केलं. यलो डॉग नावाच्या लिनक्सचं एक जुनं अवजार होतं. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागात सेठ विडाल आणि मायकेल स्टेनर यांनी ते सुधारून घेतलं. त्याच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरं जोडून 'यम' झालं. आपल्या मृत्यूच्या देवाशी त्याचा संबंध नाही, हे घरातल्या मुलांना सांगून ठेवा.

इथवर सगळं छान. एक भांडार, एक यादी, एक नोकर. भांडण सुरू झालं ते दुसरं भांडार उघडल्यावर. आणि दुसरं भांडार उघडायचं एक मोठं कारण होतं गाणी!

एमपीथ्री आठवतं ना? नव्वदच्या दशकाअखेर आपली गाणी, कीर्तनं, भावगीतं याच रूपात सीडीवरून संगणकावर आली. पण एमपीथ्रीवर पेटंट होतं. परवान्याच्या अडचणीमुळे सप्टेंबर २००२ मध्ये आलेल्या रेड हॅट ८.० मधून एमपीथ्री वाजवण्याची सोय काढून टाकली गेली. पुढच्या वर्षी सुरू झालेल्या फेडोरामध्येही ती नव्हती. लोक म्हणाले, संगणक घेतला आणि गाणं वाजत नाही, हे कसं चालेल? मग वेगवेगळ्या देशांतल्या स्वयंसेवकांनी आपापली भांडारं उघडली. फ्रेशआरपीएम्स, लिव्हना, एटीआरपीएम्स, डॅग, ड्रिबल अशी त्यांची नावं. अधिकृत भांडारात जे मिळत नाही, ते इथे मिळायचं.

लोकांनी मग काय केलं असेल? एकाच संगणकात तीन-तीन, चार-चार भांडारं जोडली. आणि संगणक मोडू लागले.

का मोडले, ते भाजणीच्या उदाहरणाने समजून घेऊ. समजा तुमच्या गावातल्या दोन दुकानांत चकलीची भाजणी मिळते. पाकिटावर दोन्हीकडे 'भाजणी' एवढंच लिहिलेलं. एका दुकानाची डाळी जास्त घातलेली, दुसऱ्याची तांदूळ जास्त असलेली. तुम्ही मुलाला सांगितलंत, "ज्या पाकिटावरची तारीख नवी असेल ते आण." मुलाने सांगितल्याप्रमाणे केलं. पण तुमचं तेलामोहनाचं प्रमाण पहिल्या दुकानाच्या भाजणीचं होतं. चकली तेलात विरघळली. चूक मुलाची नाही. नियमच अपुरा होता.

यमचा मूळ नियम नेमका हाच होता: एकाच नावाची दोन पॅकेजेस दिसली, तर ज्याच्या आवृत्तीचा आकडा मोठा ते घ्यायचं. पण आकडा लावणारे हात वेगवेगळे होते. एका भांडारातली आवाजाची लायब्ररी एका पद्धतीने बांधलेली, दुसऱ्यातली दुसऱ्या पद्धतीने, आणि नाव दोघींचं एकच. एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत, तशा त्या दोन लायब्रऱ्या एका जागी राहू शकत नव्हत्या. अपडेट केलं की मोठा आकडा आत यायचा, लहान बाहेर जायचा, आणि बाहेर गेलेल्यावर उभे असलेले प्रोग्रॅम कोसळायचे. मग त्या स्वयंसेवकांमध्ये वाद सुरू झाले: तुमचं पॅकेज आमचं मोडतं, की आमचं तुमचं?

हा वाद दोन वाटांनी मिटत गेला. पहिली वाट एकत्र येण्याची. मे २००७ मध्ये फेडोरा ७ आलं, तेव्हा कंपनीचं मुख्य भांडार आणि स्वयंसेवकांचं 'एक्स्ट्राज' भांडार एक झालं. नोव्हेंबर २००८ मध्ये फ्रेशआरपीएम्स, लिव्हना आणि ड्रिबल या तिघांनी मिळून आरपीएम फ्यूजन सुरू केलं. ते आजही चालू आहे. २०१६ च्या अखेरीस फेडोरात गाणं उजळ माथ्याने वाजू लागलं आणि एमपीथ्रीचा परवाना देण्याचा कार्यक्रम २०१७ मध्ये बंद झाला. पंधरा वर्षं लागली!

दुसरी वाट मला जास्त महत्त्वाची वाटते. ती म्हणजे मान ठरवून देण्याची. लग्नात पहिला मान कोणाचा हे आधी ठरलेलं असतं, नाहीतर ऐनवेळी रुसवेफुगवे होतात. तसं संगणकाला आधीच सांगून ठेवायचं की दोन भांडारांत एकच नाव दिसलं, तर अमक्याचा शब्द वर.

डेबियनच्या ऍप्टमध्ये हा मान आकड्याने देतात. साध्या भांडाराला ५००. आधीच बसवलेल्या आवृत्तीला १००. तुम्ही स्वतः 'मला याच शाखेचं हवं' असं सांगितलंत तर त्या शाखेला ९९०. प्रयोगाच्या भांडाराला फक्त १, म्हणजे मुद्दाम मागितल्याशिवाय त्यातलं काही घरात येणार नाही. आधी मान बघायचा, आणि मान सारखा असेल तरच आवृत्तीचा आकडा बघायचा. एखाद्या भांडाराला हजार किंवा त्याहून जास्त मान दिलात, तर नवी आवृत्ती काढून जुनी बसवायलाही ऍप्ट तयार होतो.

यमला हीच सोय एका जोडअवजाराने मिळाली, पण गंमत म्हणजे तिथे आकडा उलटा. एक म्हणजे सर्वांत मोठा मान, नव्व्याण्णव म्हणजे साधा. त्यामुळे डेबियनवर हात बसलेला माणूस फेडोरावर गेला की हमखास उलटी वाटणी करतो. ओपनसुसेच्या झिपरने आणखी एक शहाणपणाची गोष्ट केली: एखादं पॅकेज ज्या पुरवठादाराकडून आलंय, त्याच्याकडूनच पुढची अपडेट घ्यायची. दुसऱ्याचा आकडा कितीही मोठा असो, तुम्ही सांगितल्याशिवाय पुरवठादार बदलायचा नाही. आपल्याकडे घरचा वाणी बदलताना आईला विचारतात, तसंच.

तुम्ही म्हणाल, संगणक एवढा हुशार, त्याने स्वतःच सर्व बाजू तपासून उत्तर का काढू नये? युरोपातल्या संशोधकांनी २००५-०६ च्या सुमारास दाखवून दिलं की 'इतक्या अटींमध्ये हे पॅकेज बसवता येईल का' हा प्रश्न गणिताच्या दृष्टीने फार अवघड प्रश्नांच्या जातीचा आहे. अटी वाढत गेल्या की शक्यतांचं रान माजतं. म्हणून २००८ मधल्या ओपनसुसे ११.० पासून तर्कशास्त्रातली कोडी सोडवणारी गणिती यंत्रणा या कामाला जुंपली. यमची जागा घेणारं डीएनएफ २०१५ मध्ये फेडोरा २२ चं मुख्य अवजार झालं, तेही तीच यंत्रणा वापरतं. भांडण मिटवता येईल का, हे ती चटकन सांगते. पण कोणाचा शब्द मानायचा, हे ठरवणं तुमच्याकडेच राहतं.

मंडळी, आतापर्यंतच्या भांडणात सगळे भले लोक होते. पुढच्या भागात चोर येतो.

भांडार कितीही विश्वासाचं असलं, तरी वाटेत कोणी डबा बदलला तर? म्हणून डिजिटल सही आली. भांडाराची यादी गुप्त किल्लीने सही करून ठेवायची आणि तुमच्या संगणकाने ती सही तपासल्यावरच डबा उघडायचा. एप्रिल २००७ मधल्या डेबियन ४.० पासून ऍप्ट हे स्वतःहून तपासू लागला. पण इथेही एक फट राहिली. बाहेरच्या एखाद्या भांडाराची किल्ली तुम्ही एकदा जोडलीत, की ती सगळ्याच भांडारांसाठी चालायची. म्हणजे गाण्याच्या दुकानदाराला दिलेली किल्ली तिजोरीलाही लागायची. पुढे प्रत्येक किल्ली तिच्याच भांडाराला बांधण्याची सोय झाली, आणि आज तीच योग्य पद्धत मानतात. बाहेरचं भांडार जोडण्याच्या सूचना वाचताना 'साइन्ड-बाय' असे शब्द दिसतात, ते याचसाठी.

दरम्यान प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांची स्वतःची भांडारं उभी राहिली होती. पायथन भाषेचं पायपीआय २००३ पासून, जावास्क्रिप्टचं एनपीएम २०१० पासून. इथे कोणीही येऊन आपला डबा ठेवू शकतो. मोठ्या कंपन्या या सार्वजनिक भांडारांच्या जोडीला आपलं खासगी भांडारही वापरत. म्हणजे पुन्हा दोन भांडारं, आणि पुन्हा तोच प्रश्न.

फेब्रुवारी २०२१ मध्ये ऍलेक्स बिरसन या सुरक्षा संशोधकाने एक साधा प्रयोग जाहीर केला. काही कंपन्यांच्या खासगी पॅकेजेसची नावं चुकून बाहेर दिसत होती. त्याने त्याच नावांची पॅकेजेस सार्वजनिक भांडारात ठेवली आणि आवृत्तीचा आकडा मोठा दिला. कंपन्यांच्या संगणकांनी काय केलं असेल? मोठा आकडा पाहिला आणि खासगी सोडून सार्वजनिक डबा घेतला. ऍपल, मायक्रोसॉफ्ट, पेपाल अशा पस्तीसहून अधिक ठिकाणी त्याचा प्रोग्रॅम आत जाऊन चालला. बिरसनचा हेतू चांगला होता आणि तपासणीला परवानगी होती, म्हणून कंपन्यांनी त्याला बक्षिसं दिली.

पुढच्याच वर्षी खरा चोर आला. पायटॉर्च हे कृत्रिम बुद्धिमत्तेच्या कामासाठी जगभर वापरलं जाणारं साधन आहे. त्याच्या रोज तयार होणाऱ्या कच्च्या आवृत्तीला 'टॉर्चट्रायटन' नावाचं पॅकेज लागायचं. ते पायटॉर्चच्या स्वतःच्या भांडारात होतं. कोणीतरी तेच नाव पायपीआयवर घेऊन तिथे विषारी डबा ठेवला. ज्यांनी २५ ते ३० डिसेंबर २०२२ या दिवसांत पिप या अवजाराने ती कच्ची आवृत्ती बसवली, त्यांच्या संगणकात तो डबा गेला आणि आतल्या गुप्त किल्ल्यांसारखी माहिती बाहेर पाठवू लागला. पिपला भांडारांचा मानच ठाऊक नव्हता. नंतर पायटॉर्चच्या मंडळींनी पॅकेजचं नाव बदललं आणि नवं नाव पायपीआयवर स्वतःच नोंदवून ठेवलं, जागेवर रुमाल टाकावा तसं.

वीस वर्षांपूर्वी गाण्यासाठी झालेलं भांडण आणि ही चोरी, दोन्हींच्या मुळाशी एकच चुकीचा नियम आहे: जो नवा, तो खरा.

मग 'जुनं ते सोनं' म्हणून अपडेट करायचंच नाही का? तसंही नाही. जुन्या आवृत्तीत सापडलेली भोकं चोरांनाही माहीत होतात. ती बुजवायची तर अपडेट हवंच. म्हणून डेबियनसारख्या ठिकाणी शाखा असतात. एका शाखेत नवं सामान लगेच येतं. स्थिर शाखेत मोठे बदल येत नाहीत, फक्त तपासलेल्या सुरक्षेच्या दुरुस्त्या येतात. या सावकाशीचा उपयोग २०२४ मध्ये दिसला. एक्सझेड नावाच्या, फायली दाबून लहान करणाऱ्या साधनात कोणीतरी स्वतः देखभाल करणारा बनून चोरदरवाजा बसवला होता. सही बरोबर, नाव बरोबर, आकडा नवा. मार्चच्या अखेरीस अँड्रेस फ्रॉइंड या अभियंत्याच्या लक्षात आलं की आपल्या यंत्रात दूरस्थ लॉगिनला अर्धा सेकंद जास्त लागतोय. त्याने माग काढला आणि २९ मार्चला जगाला सावध केलं. तोवर चोरदरवाजा डेबियन आणि फेडोराच्या कच्च्या शाखांत पोचला होता. डेबियनची स्थिर शाखा वाचली. ज्यांनी सबुरी ठेवली, त्यांना तिचं फळ मिळालं.

आता आपल्याकडे येऊ. लिनक्सवर आपण मराठी वाचतो, ते अनेक ठिकाणी लोहित या फॉन्टमधून. रेड हॅटने ते २००४ मध्ये मुक्त परवान्याखाली खुले केले आणि त्यांची देखभाल बरीच वर्षं त्या कंपनीच्या पुण्यातल्या ऑफिसातून झाली. तुमच्या लॅपटॉपवर देवनागरी नीट उमटते, त्यामागे हीच भांडारं आणि त्यांचे न दिसणारे कोठीवाले आहेत.

आणि आता आईवडिलांचा फोन. भारतात लग्नपत्रिका किंवा वाहनाचं चलन अशा नावाखाली व्हॉट्सऍपवरून एपीके फाइल पाठवून बँकेतले पैसे लुटण्याचे प्रकार घडले आहेत. पोलिसांनी याबद्दल वेळोवेळी सावध केलं आहे. एपीके म्हणजे काय? अँड्रॉइडचं पॅकेज. आपण आज ज्याची गोष्ट ऐकली तोच डबा, फक्त कोणत्याही भांडारातून न आलेला. त्याच्यामागे यादी नाही, आणि सही कोणाची ते आजोबांना कळायला मार्ग नाही. "लग्नाची पत्रिका आहे, उघडून बघा" एवढ्या आपुलकीवर तो घरात शिरतो.

म्हणून या रविवारी घरी फोन कराल तेव्हा तब्येतीची चौकशी झाली की एवढं जरूर सांगा. ऍप घ्यायचं ते फोनच्या अधिकृत दुकानातूनच. कोणी फाइल पाठवली आणि फोन 'अनोळखी ठिकाणाहून बसवू का' असं विचारू लागला, तर 'नाही' म्हणायचं आणि तुम्हाला विचारायचं. मात्र अधिकृत दुकानातून आलेलं अपडेट आणि फोनच्या सेटिंगमध्ये दिसणारं सुरक्षेचं अपडेट टाळायचं नाही.

आणि घरातला तो संगणकवाला ताटावरून उठून गेला की पुढच्या वेळी त्याला विचारा, "दोन भांडारांतून एकच नाव आलं, तर तू कोणाचा मान वर ठेवला आहेस?" त्याने चटकन उत्तर दिलं, तर जेवण पुढे चालू द्या. तो विचारात पडला, तर त्याला खुशाल लॅपटॉपकडे जाऊ द्या. ताट झाकून ठेवा.

भेटू पुढच्या भागात. नमस्कार.